आईच्या बाथरूमची नहाणी हलवताना: सव्वाआठ इंचातलं काम, तारीखवार

६ जानेवारी २०२४, शनिवार

डोंबिवली पूर्व, १९९४ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईच्या खोलीला जोडलेलं बाथरूम ४ फूट बाय ७ फूट. दार दक्षिणेच्या आखूड भिंतीत, शॉवर समोरच्या उत्तर टोकाला. पण नहाणी ट्रॅप (जमिनीतलं जाळीखालचं भांडं, अंघोळीचं पाणी त्यातून पाइपात जातं) मात्र दाराला लागून, पश्चिमेच्या कोपऱ्यात. म्हणजे अंघोळीचं सगळं पाणी सहा फूट वाहत दारापर्यंत येतं आणि जमीन दिवसभर ओली राहते. दिवाळीत आई तिथेच घसरली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी ठरवलं, पाणी जिथे पडतं तिथेच ते खाली गेलं पाहिजे.

डक्ट, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात तो चिंचोळा बोळ, पश्चिम भिंतीच्या पलीकडे आहे, पण दारापासून साडेचार फुटांपर्यंतच. कमोड त्याच भिंतीला, दारापासून साडेतीन फुटांवर. नवा ट्रॅप हवा ईशान्येच्या कोपऱ्यात, म्हणजे डक्टपासून सगळ्यात लांब. अडचण काय ते यावरून लक्षात येईल.

सोसायटीला अर्ज दिला. १०,००० रुपये डिपॉझिट, दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद, रविवारी काम बंद, आणि बीमला हात लावायचा नाही. शेवटची अट त्यांनी घातली नसती तरी मी पाळलीच असती. प्लंबर काका बघून म्हणाले, "ताई, जमीन चार इंच उचलू, सगळं सोपं होईल." चार इंच म्हणजे दारात पायरी. ज्या माणसासाठी काम काढलंय त्याच्याच वाटेत पायरी बांधायची नव्हती. नाही म्हटलं.

८ ते १० जानेवारी

फोडकाम. एक गवंडी मामा, एक बिगारी. फरशी, खालचा सिमेंट-वाळूचा माल, मग वीटतुकड्यांचा कोबा. आम्हाला वाटलं होतं २५-३० गोण्या निघतील, निघाल्या ५८. दुसऱ्या मजल्यावरून खाली नेणं आणि डेब्रिजचा टेम्पो धरून ९,५०० गेले. अंदाज करताना लक्षात ठेवा: फरशीखाली जे दिसत नाही ते फरशीच्या चौपट असतं.

कोब्यातून लाकडाचे तुकडे, सिगारेटची पाकिटं आणि एक अख्खी थापी मिळाली. तळाचा कोबा ओला होता, हाताने चुरला जात होता. खालच्या काकूंच्या छताला दोन वर्षांपासून जो पिवळा डाग आहे, त्याचं कारण इथेच होतं. त्या कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. मला वाईट वाटलं.

११ जानेवारी, गुरुवार

स्लॅब झाडून, धुऊन मापं घेतली. कच्च्या स्लॅबपासून तयार फरशीच्या पातळीपर्यंत सव्वाआठ इंच. त्यातून वॉटरप्रूफिंग आणि त्यावरचा गिलावा १ इंच, वर माल आणि टाइल मिळून २ इंच. पाइपाला उरले सव्वापाच. ७५ मिलिमीटरचा पाइप स्वतःच ३ इंच खातो.

पाइपाला ढाळ, म्हणजे उतार, फुटाला दोन सूत द्यायचा असतो, म्हणजे पाव इंच. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काका, मामा, दुकानदार सगळे सूतातच बोलतात, तुम्हीही टेपवर सूत मोजायला शिका.)

कमोड जुना, खाली जमिनीत उतरणारा, एस ट्रॅपचा. त्याचा ११० मिलिमीटरचा पाइप स्लॅबवर टेकून भिंतीतून डक्टमध्ये जातो. त्याच्या खालून जायला जागा नाही. वरून जायचं तर १ इंच गिलावा, जवळजवळ साडेचार इंच तो पाइप, वर ३ इंच आमचा: साडेआठ. आहेत सव्वाआठ, त्यात टाइल धरलेलीच नाही.

आज एक चूक वेळेत पकडली. बिगारी दुकानातून पाइप घेऊन आला, हातात घेतल्यावर हलका लागला. त्यावर 'टाइप ए' छापलं होतं. हा पातळ पाइप हवेच्या नळीला आणि पावसाच्या पाण्याला. सांडपाण्याला 'टाइप बी' लागतो, आय. एस. १३५९२ हा मानक क्रमांक आणि टाइप दोन्ही पाइपावरच छापलेले असतात. ७५ मध्ये ए ची जाडी १.८ मिलिमीटर, बी ची ३.२. कोब्यात गाडला की परत बघायला मिळत नाही, म्हणून दुकानदाराशी वाद न घालता ऐंशी रुपये रिक्षाला घालून बदलून आणला.

१२ ते १५ जानेवारी

कोपऱ्यांना वाटा मारला, म्हणजे भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे मालाची गोलाई केली. मग पॉलिमर कोटिंगचे दोन हात, एक आडवा, दुसरा उभा, भिंतीवर एक फूट चढवून. जुनी नहाणी आणि कमोडच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबून शनिवारी संध्याकाळी पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली.

सोमवारी संक्रांत. तिळगूळ घेऊन खाली गेले आणि काकूंच्या बाथरूमचं छत टॉर्च लावून बघितलं. कोरडं. ४६ तासांनी पाणी रेघेच्या अर्धा सूत खाली, तेवढं हवेत उडतं. पास.

१६ आणि १७ जानेवारी

पहिला प्रयत्न. कमोडच्या पाइपाला वळसा घालून पूर्वेच्या भिंतीकडेने दारापर्यंत यायचं आणि तिथून जुन्या नहाणी ट्रॅपला बाजूने जोडायचं, असं ठरलं. लांबी ९ फूट. डक्टमध्ये काही करायला नको, भिंत फोडायला नको. स्वस्त आणि झटपट वाटलं.

पण जुन्या ट्रॅपमध्ये कायम पाणी उभं असतं, त्या पातळीच्या वरच पाइप आत यायला हवा. ती पातळी गिलाव्यापासून सव्वादोन इंचावर. नव्या ट्रॅपचं पाणी बाहेर पडायचं तोंडही तेवढ्याच उंचीवर. म्हणजे ढाळ शून्य! मग नवा ट्रॅप उचलला ९ सूत. फुटाला एक सूत ढाळ मिळाला, पाहिजे त्याच्या निम्मा. पाइपाची पाठ इतकी वर आली की वर टाइल आणि माल मिळून फक्त ७ सूत उरले. तिथेच थांबायला हवं होतं. काका म्हणाले, "केमिकलने टाइल चिकटवू, होईल." मीही मान डोलावली, कारण मामांची रोजची २,००० रुपयांची जोडी बाहेर बसून होती. घाईचं कारण एवढंच होतं.

पाइपाखाली वीटतुकडे ठेवून आधार दिला.

१८ जानेवारी, गुरुवार

बादली टेस्ट. २० लिटरची बादली नव्या ट्रॅपमध्ये एकदम ओतली. निम्मं पाणी पटकन गेलं, मग ट्रॅपमधून मोठे बुडबुडे वर आले, गुडगुड आवाज झाला आणि पाणी उलट चढून ट्रॅपच्या तोंडाशी आलं. पूर्ण उतरायला दीड मिनिट. दुसरी बादली, तेच. तिसरीला पाणी स्लॅबवर पसरलं.

आई दारात स्टुलावर बसून बघत होती. ती म्हणाली, "हा आवाज मोठ्या घागरीतून पाणी ओततात तसा आहे, हवा अडकलीय आत." तिचं बरोबर होतं. दोन ट्रॅप एकामागे एक आले की दोन्हीकडे पाण्याचं बूच बसतं आणि मधल्या ९ फुटांतली हवा कुठेच जाऊ शकत नाही. एका ओळीवर एकच ट्रॅप. हे काकांना माहीत होतं, पण "छोट्या लाइनला चालतं" असं त्यांनी धरलं.

दुसरं कारण नंतर सापडलं. पारदर्शक नळीची लेवल लावून पाइपाची पाठ दर फुटाला मोजली. मधोमध पाइप ३ सूत बसला होता. खालचे वीटतुकडे सरकले होते, बहुतेक काम करताना कुणाचा तरी पाय पडला. त्या खळग्यात पाणी साचून राहिलं असतं, आणि साबण-केस तिथेच धरले असते. आदल्या दिवशी ढाळ एक फुटी स्पिरिट लेवलने बघितला होता. त्यात सगळं ठीक दिसत होतं. लांब पाइपाला ती लेवल विश्वासाची नाही, नळीतलं पाणी खोटं बोलत नाही.

संध्याकाळी काका गप्प होते. मीही काही बोलले नाही, चहा दिला. चूक दोघांची होती.

१९ जानेवारी, शुक्रवार

काम बंद ठेवलं. कागदावर बाथरूम काढून रात्री अकरापर्यंत बसले. ५० मिलिमीटरचा पाइप वापरून उंची वाचवता येते, पण आईचे आणि माझे दोघींचे केस लांब आहेत. अंघोळीच्या ओळीला मला ७५ च्या खाली जायचं नव्हतं.

मग प्रश्न उलटा केला. आपण पाइप वळवत बसलोय तो कमोडच्या ओळीमुळे. ती ओळच जमिनीतून काढली तर? पी ट्रॅपचा कमोड मागच्या भिंतीत सरळ जातो, जमिनीपासून सव्वासात इंचावर. तिथे बीम नाही, विटांची भिंत आहे. आणि कमोडचं जुनं भोक, बांधकामाच्या वेळीच बीममध्ये नळी घालून सोडलेलं, ते रिकामं होतं! नव्या नहाणीपासून त्या भोकापर्यंत तिरकं माप जेमतेम ४ फूट. ढाळ ८ सूत, म्हणजे १ इंच. ट्रॅपचं तोंड सव्वादोन इंचावर, भोकाशी पाइप सव्वा इंचावर. पाइपाची पाठ बरोब्बर सव्वापाच इंचात बसते, वरचे २ इंच शाबूत.

दाराजवळचा जुना ट्रॅप तसाच ठेवायचा, त्यात बेसिनचं पाणी सोडायचं. रोज तोंड धुतलं जातं, त्यामुळे तो ट्रॅप कधी सुकणार नाही आणि वास येणार नाही.

सकाळी काकांना फोन करून कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे आधी करायला हवं होतं." चिंचोळ्या जागेत काम काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अडणाऱ्या गोष्टीच्या आजूबाजूने पाइप घुसवण्याआधी ती गोष्टच हलवता येते का ते बघा. कमोड महाग वाटतो, पण आमची पहिली चूक अशी पडली: वाया गेलेलं सामान २,३५०, प्लंबरचे दोन दिवस २,६००, गवंडी-बिगारीचे दोन दिवस ४,०००, आणि पाइप कापताना ग्राइंडर लागून कोटिंग फाटलं त्याची दुरुस्ती १,१५०. एकूण १०,१००. नवा कमोड ९,८०० ला आला.

२३ जानेवारी, मंगळवार

कोअर कटिंगवाला, म्हणजे मशीनने गोल भोक पाडणारा, आला. भिंतीत ५ इंची भोक, २० मिनिटांत, २,००० रुपये. छन्नीने २०० रुपयांत झालं असतं, पण भिंत चार इंची आहे आणि पलीकडे डक्ट, विटा खाली पडल्या असत्या. भोकाआधी बीमची वरची कड गिलावा खरवडून डोळ्यांनी बघितली, तिच्या वर ६ इंच सोडून खूण केली.

२४ जानेवारी, बुधवार

डक्टमधलं काम. डक्ट अडीच फूट रुंद, उभ्या ओळी दोन: एक संडासाची, एक अंघोळ-मोरीची. बिडाच्या जुन्या ओळी सोसायटीने काही वर्षांपूर्वी बदलून पीव्हीसीच्या केल्यात, त्यामुळे कापणं सोपं झालं. काकांनी खिडकीच्या गजांना नाही, तर वरच्या मजल्यावरच्या जिन्याच्या कठड्याला दोर बांधून कमरेला घेतला. मी हट्टच धरला होता.

कमोडची नवी ओळ डक्टमध्ये खाली उतरवून जुन्याच जोडाला बसवली, तिथे काही कापावं लागलं नाही. नहाणीची ओळ मात्र अंघोळीच्या उभ्या पाइपाला जोडायची, म्हणजे सगळ्यांचा पाइप कापायचा. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर आदल्या रात्री जाऊन सांगितलं: ११ ते १ पाणी सोडू नका. तरी पावणेबाराला वरून साबणाचं पाणी आलं, काकांच्या खांद्यावर. चौथ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. घरमालकाला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं असं नसतं. मावशींनाही सांगा आणि नळावर चिठ्ठी चिकटवा.

जोडाला झाकणवाला टी (तीन तोंडांचा जोड) घेतला, पुढे तुंबलं तर उघडता येईल असा. ९० रुपये जास्त.

२५ जानेवारी, गुरुवार

पाइप टाकला. काटकोनाचा एल्बो कुठेच नाही, ४५ अंशाचे दोन बेंड. या वेळी खाली वीटतुकडे नाहीत, दर दीड फुटाला सिमेंटच्या मालाची उशी, पाइप त्यात बसवून दोन्ही बाजूंनी कड चढवली. नळीच्या लेवलने पाच ठिकाणी माप. रात्रभर कुणी आत जायचं नाही म्हणून दारात खुर्ची आडवी टाकली.

बादली टेस्ट दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तरी स्वतःच केली. २० लिटर, १४ सेकंद. तीन बादल्या लागोपाठ. ट्रॅपमध्ये एक बुडबुडा नाही, फक्त शेवटी पाणी स्थिर होताना हलकंसं थरथरलं. आईला बोलावून दाखवलं.

२७ ते ३१ जानेवारी

ग्राइंडरने फाटलेल्या जागी कोटिंग करून पुन्हा पाणी भरलं. २४ तासांत रेघेपासून ३ सूत खाली. खालचं छत कोरडं, पण डक्टमध्ये वाकून बघितलं तर बीमच्या भोकाखाली ओला ओघळ. भोक ५ इंची, पाइप ३ इंची, मधली फट साध्या मालाने भरली होती. माल सुकताना आक्रसला आणि पाइपाभोवती केसाएवढी चीर राहिली.

सोमवारी मामांनी फट छन्नीने दोन इंच खोल कोरली, बीमच्या काँक्रीटला न दुखवता. त्यात न आक्रसणारं ग्राउट दोन्ही बाजूंनी भरलं. वाळल्यावर पाइपाला सँडपेपर मारून खरबरीत केलं, मग कोटिंग, त्यात फायबरची जाळी गुंडाळून पुन्हा कोटिंग. गुळगुळीत पीव्हीसीला कोटिंग धरत नाही, सँडपेपर विसरू नका. दोन दिवस सुकू दिलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

४८ तासांची टेस्ट, काकूंच्या आणि सेक्रेटरींच्या समोर. अर्धा सूत. डक्ट कोरडं. काकू म्हणाल्या, "आता मी छताला रंग काढू ना?" एक पावसाळा थांबा म्हटलं, रंगाचे पैसे मी देईन.

५ ते ८ फेब्रुवारी

कोबा, वरून पुन्हा एक कोटिंग, मग मॅट फिनिशच्या एक फुटी टाइल. दाराकडच्या भागात फुटाला एक सूत ढाळ, शॉवरखाली दोन. उंबरा नाही, पट्टी नाही. मामांनी टाइल बसवताना प्रत्येक ओळीनंतर मगभर पाणी टाकून बघितलं. कमोडसमोरच्या एका टाइलवर पाणी थांबत होतं, ती माल ओला असतानाच उचलून परत बसवली.

कोबा टाकण्याआधी पाइपाचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत टेप पसरून, दोन भिंतींपासूनची मापं दिसतील असे.

११ फेब्रुवारी, रविवार

आईने पहिली अंघोळ केली, स्टुलावर बसून. बाहेर आल्यावर मी दाराजवळच्या फरशीवर कोरडा कागद ठेवला, तो कोरडाच राहिला.

हिशोब ९६,७००. काढला होता ७०,०००. दिवस धरले होते १५, लागले ३५.

१७ मार्च, रविवार

जाळी महिन्यातून दोनदा उचलून केस काढते, पाच मिनिटांचं काम. वास नाही, आवाज नाही. काल धरायचे दांडे बसवले, एक शॉवरच्या भिंतीला, एक कमोडच्या बाजूला. कमोडजवळ ड्रिल लावण्याआधी फोटो उघडून मापं पाहिली. खुणेपासून नवा पाइप तीन इंचावर होता. खूण चार इंच वर घेतली.